बिघडलेले गुरुवार

“हे सगळं बाजूला ठेवावं लागेल,” असं म्हणून डॉ. नाबरांनी माझी वही मिटली आणि टेबलावरून माझ्याकडे सरकवली.

वहीत पाच महिन्यांचं काम होतं. मी विचारलं, “सगळं?”

“दिवाळीपर्यंतचं ठेवा. पुढचं नको. तुमचे गुरुवार बिघडलेत.”

छप्पन सालचा फेब्रुवारी होता. मी तेवीस वर्षांची होते आणि एम.एस्सी. करत होते. परीक्षा देऊन नव्हे, संशोधन करून. तशी सोय तेव्हा आमच्या विद्यापीठात होती. दोन वर्षं एका गाइडच्या हाताखाली काम करायचं आणि थिसीस लिहायचा. तो बाहेरगावच्या एका जाणकाराकडे तपासायला जायचा, त्याला रेफरी म्हणत. त्याने होकार दिला की तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. विद्यापीठ एवढं मोठं की फोर्टातल्या त्याच्या कचेरीत मी फक्त फॉर्म भरायला जात असे. काम चाले परळच्या एका संस्थेत, दुसऱ्या मजल्यावर. खिडकीतून मिलच्या चिमण्या दिसत. डॉ. नाबर तिथे फिजिऑलॉजी शिकवत. शरीर चालतं कसं, त्याचं शास्त्र. माझे गाइड तेच.

विषय त्या चिमण्यांखालचाच होता. कापडाच्या मिलमध्ये कार्डिंग खातं असतं. तिथे कापूस विंचरून त्याचे पेळू करतात. बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगत असते. त्या खात्यात वर्षानुवर्षं काढलेल्या माणसांना सोमवारी छाती जड वाटते, दम लागतो. मंगळवारी थोडं कमी, गुरुवारपर्यंत बरं. विलायतेत या दुखण्याला नाव मिळालं होतं. आपल्याकडे मात्र मला भेटलेले बहुतेक डॉक्टर म्हणत, असलं काही नाही, दम लागतो तो विडीने.

मला ते मोजून पाहायचं होतं. आमच्याकडे स्पायरोमीटर होता. पाण्यात उपडा बुडवलेला पत्र्याचा हलका ड्रम असतो. नळीत जोराने फुंकलं की तो वर उचलला जातो. त्याला दोरीने जोडलेली लेखणी, फिरत्या नळकांड्यावर लावलेल्या काजळीच्या कागदावर रेघ ओढते. पहिल्या सेकंदात माणूस किती हवा बाहेर टाकतो ते त्या रेघेवरून कळतं. छाती आवळली असेल तर रेघ तोकडी येते. मी लालबागच्या एका मिलमधले चोवीस कामगार घेतले होते. सोमवारी पाळीच्या आधी एक रीडिंग, पाळी सुटल्यावर एक. गुरुवारी तसंच. सोमवारी रेघ जास्त तोकडी झाली आणि गुरुवारी कमी, तर मुद्दा सिद्ध होणार होता.

दिवाळीपर्यंत तसंच होत होतं. मग संयुक्त महाराष्ट्राचं आंदोलन पेटलं. हरताळ सुरू झाले, मिल बंद पडायला लागल्या. जानेवारीत तर गिरगावातल्या आमच्या घरून परळला पोहोचताच येईना. कर्फ्यू, गोळीबार, ट्राम बंद. मिल सुरू झाली की मी धावत जाऊन मिळेल त्या दिवशी रीडिंग घेत होते. आणि त्या रीडिंगमध्ये गुरुवारची रेघ सोमवारपेक्षाही तोकडी येत होती.

“तुमचा सगळा मुद्दा सोमवारवर उभा आहे,” डॉ. नाबर म्हणाले. “रेफरी पहिल्यांदा हेच पाहील. लोक घाबरलेले, उपाशी, धावपळीतले. अशी रीडिंग घेत नसतात. पुन्हा सुरू करा.”

“सर, रजिस्ट्रेशनची मुदत पुढच्या वर्षी मे महिन्यात संपते.”

“ठाऊक आहे मला.”

ते कठोर नव्हते. माझ्याइतकंच त्यांनाही वाईट वाटलं होतं, हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी वही घेतली आणि सरळ लालबागला गेले.

मिलच्या दवाखान्यात एका कोपऱ्यात मला आणि स्पायरोमीटरला जागा दिलेली होती. पाळी सुटल्यावर सखाराम तावडे तिथे आले. पन्नाशीचे, मालवणकडचे, कार्डिंगमध्ये वीस वर्षं काढलेले. बाकीच्या तेवीस जणांना त्यांनीच माझ्याकडे आणलं होतं. आणताना एक अट घातली होती. वहीत कोणाचं नाव नको. दम कमी आहे असं वर कळलं तर उद्या घरी बसवतील. म्हणून वहीत फक्त नंबर होते. नंबर आणि नावं यांची यादी एका कागदावर, आणि तो कागद माझ्या घरी.

मी त्यांना सांगितलं की दिवाळीनंतरचं सगळं मोजलेलं फुकट गेलं.

“फुकट कित्याक?”

“सोमवारी दम लागायला हवा, तो गुरुवारी लागला. नियमात बसत नाही.”

तावड्यांनी टोपी काढून तिच्यावरचा कापूस झटकला. मग म्हणाले, “बाई, सोमवार काय नि गुरवार काय, छातीक काय ठावक? सुट्टी पडली नि परत खात्यात इलो, का पयल्या दिसाक धरता. गावाकडसून इल्यार तर दोन दिवस धरता. तुमका कोणी सांगूक नाय?”

“मी विचारलंच नव्हतं,” मी म्हटलं.

खरंच विचारलं नव्हतं. पुस्तकात सोमवार होता म्हणून मी सोमवार मोजत होते. जानेवारीत सोमवार ते बुधवार मिल बंद होती आणि गुरुवारी उघडली. म्हणजे छातीच्या हिशेबाने तो गुरुवार हाच सोमवार होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी माजघरात सतरंजी अंथरली. प्रत्येक रीडिंगची एक चिठ्ठी केली. वडील एका बोटीच्या कंपनीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले होते. आम्ही पाठारे प्रभू, घरात तीन पिढ्या कारकुनीच्या. कागद वेगळे लावणं त्यांच्या हाताला पाठ होतं. माझं काय चाललंय ते त्यांनी पाहिलं, चष्मा घातला आणि खाली बसले.

“काय क्रमाने लावायचंय, नलू?”

“वार विसरायचा, दादा. सुट्टीनंतर कामाचा कितवा दिवस, त्या क्रमाने.”

“सुट्ट्या लिहून ठेवल्यायस का?”

ठेवल्या नव्हत्या. वहीत कोरे रकाने होते आणि पुढे ‘गैरहजर’ एवढंच. मिल बंद होती की माणूस आला नव्हता, हे कुठेच नव्हतं. दादांनी माळ्यावरून वर्तमानपत्रांची रद्दी काढली आणि तारखा लावून कोणत्या दिवशी मिल चालू होत्या ते शोधायला लागले. सतरा नंबरच्या माणसापुढे मी जानेवारीपासून सलग ‘गैरहजर’ लिहिलं होतं. त्याच्या मांडीत गोळी लागली होती आणि तो इस्पितळात होता. हे मला माहीत होतं. तरी शाळेतल्या हजेरीपटासारखा मी तोच शब्द लिहीत गेले होते. दादांनी ती ओळ वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. मी तो शब्द खोडून खरं कारण लिहिलं.

चारच्या चहापर्यंत चिठ्ठ्यांचे पाच ढीग झाले. पहिल्या दिवसाच्या ढिगात सोमवार होते, गुरुवार होते, एक शनिवारही होता. त्या ढिगात जवळजवळ प्रत्येकाची रेघ पाळीनंतर तोकडी झाली होती. चौथ्या-पाचव्या दिवसाच्या ढिगात फारच थोड्यांची. सुट्टी जितकी लांब, तितका पहिला दिवस वाईट.

दादा म्हणाले, “म्हणजे तावडे बरोबर.”

दुसऱ्या दिवशी डॉ. नाबरांनी ते ढीग दोनदा तपासले. मग म्हणाले, “छान आहे. पण पुरेसं नाही.”

“का, सर?”

“तुम्ही मोजायला निघालात एक आणि सापडलं दुसरं. आकडे हातात आल्यावर त्यांना कोणतीही गोष्ट बेतून शिवता येते. आता असं करा. आधी कागदावर लिहा की अमुक होईल. मग मोजा. झालं तर खरं.”

“त्यासाठी पुन्हा मोठी सुट्टी लागेल.”

“हो. आणि ती गोळीबाराने मिळावी अशी माझी इच्छा नाही.”

आम्ही दोघं एकाच वेळी कॅलेंडरकडे वळलो. कोकणातला गिरणी कामगार वर्षातून एकदा हमखास घरी जातो, तो गणपतीला. दहा-बारा दिवस गावी, मग बोटीने परत आणि दुसऱ्या दिवशी पाळीवर. डॉ. नाबर स्वतः वेंगुर्ल्याचे. त्यांना हे मी सांगायला नको होतं.

“आणि सहा माणसं घडीखात्यातली घ्या,” ते म्हणाले. तयार कापडाच्या घड्या घालतात ते घडीखातं. तिथे धूळ नसते. “तीही गावी जाऊन आलेली हवीत. त्याच बोटीने आली तर उत्तम.”

मधे एक अडचण उभी राहिली, ती विद्यापीठाची. माझ्या थिसीसचं नाव रजिस्टर झालेलं होतं आणि त्यात ‘साप्ताहिक बदल’ असे शब्द होते. आता बदल साप्ताहिक राहिला नव्हता. नाव बदलायचा अर्ज घेऊन मी फोर्टात गेले. खिडकीत परांजपे नावाचे वयस्क क्लार्क होते. त्यांनी अर्ज वाचला आणि तसाच परत दिला.

“विषयबदल लिहिलंयत. विषय बदलला की रजिस्ट्रेशन नवं. दोन वर्षं पहिल्यापासून.”

“पण विषय तोच आहे. फक्त एक शब्द चुकलाय.”

“मग विषयबदल का लिहिलंत?”

“मग काय लिहू?”

“मी काय लिहा ते सांगू शकत नाही,” ते म्हणाले. थोडं थांबून चष्म्यावरून पाहत पुढे म्हणाले, “शीर्षकातील शाब्दिक दुरुस्ती असा अर्ज आला तर तो गाइडच्या सहीने पुढे जातो. असे अर्ज येतात कधी कधी.”

मी तिथेच, खिडकीशेजारच्या बाकावर बसून दुसरा अर्ज लिहिला. विद्यापीठाबद्दल तक्रार करणारे विद्यार्थी मला पुढे आयुष्यभर भेटले. प्रत्येक वेळी मला परांजपे आठवत आणि मी गप्प बसत असे.

ऑगस्टच्या शेवटी मिलच्या मॅनेजरांनी बोलावलं. शांत बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला.

“तुमचं काम चांगलं चाललंय, असं कळलं. काहींचा दम बराच कमी आहे म्हणे.”

“काहींचा आहे.”

“कोणाचा?”

“नावं मी देऊ शकत नाही. वहीत नावं नाहीत.”

“पण तुम्हाला माहीत आहेत.”

“हो.”

“मिस अजिंक्य, दवाखाना आमचा, माणसं आमची. आजारी माणूस खात्यात ठेवणं बरं नव्हे. त्यांच्याच भल्याचं आहे.”

“त्यांना काढणार नाही, दुसरं काम द्याल, असं लिहून द्याल का? मग मी त्यांना विचारते.”

ते हसले. हसण्यात वाईटपणा नव्हता. “असं कोणी लिहून देत नसतं. शनिवारपर्यंत यादी द्या. नाहीतर दवाखान्यातली जागा मला दुसऱ्या कामासाठी लागेल.”

गणपती दोन आठवड्यांवर आले होते. मी परळला जाऊन डॉ. नाबरांना जसंच्या तसं सांगितलं. मला वाटलं होतं ते म्हणतील, द्या यादी. शेवटी माझी दोन वर्षं पणाला लागली होती आणि मिलशी संस्थेचे संबंध होते.

ते खिडकीपाशी गेले. “वचन तुम्ही दिलंत. मला विचारून दिलं नव्हतंत.”

“नाही, सर.”

“विचारलं असतंत तर मी नको म्हटलं असतं. संशोधकाने अशी वचनं देऊ नयेत.” मग टेबलाशी येऊन त्यांनी खणातून गेटपासचं पुस्तक काढलं. “पण दिलंय. स्पायरोमीटर मिलच्या दवाखान्याऐवजी दुसरीकडे न्यायची परवानगी मी सही करून देतो. मोडला तर तुमच्या थिसीसबरोबर माझीही चौकशी लागेल. जागा तुम्ही शोधा.”

जागा तावड्यांनी शोधली. मिलच्या मागच्या गल्लीत एक तालीम होती. कुस्तीची माती एका बाजूला, दुसऱ्या बाजूला फरशीचा कट्टा. सकाळी सहा ते सात आणि दुपारी साडेतीननंतर ती वापरायला मिळाली. घरी आईने एवढंच विचारलं, “पहाटे तालमीत? तीस पुरुष आणि तू एकटी?” दादा म्हणाले, “मी जातो बरोबर.” विषय तिथे संपला.

गणपती झाले. परतीची बोट रविवारी संध्याकाळी लागायची होती. मी आदल्याच आठवड्यात एका कागदावर लिहून, तारीख घालून, डॉ. नाबरांच्या सहीने पाकीट बंद केलं होतं: कार्डिंगवाल्यांची रेघ पहिल्या दिवशी पाळीनंतर तोकडी होईल, घडीखात्याची होणार नाही.

सोमवारी पहिल्या ट्रामने मी आणि दादा लालबागला उतरलो. हातगाडीवरून स्पायरोमीटर आला. पाणी भरलं, काजळीचा कागद चढवला. सहाला, गावी जाऊन आलेले कार्डिंगचे पंधरा आणि घडीखात्याचे सहा जण रांगेत उभे होते. काहींच्या हातात अजून गावची बोचकी होती. बोट उशिरा लागली म्हणून ते घरी न जाता थेट आले होते.

मी पहिल्या माणसाला नळी दिली. त्याने फुंकलं. ड्रम उचलला गेला आणि फटकन खाली पडला. हातगाडीच्या हिसक्यांनी वरच्या कप्पीवरची दोरी विरली होती, ती तुटली. ती विलायती दोरी होती, रेशमाची, ठरावीक जाडीची. दुसरी संस्थेत होती. जाऊन यायला निदान पाऊण तास. सातला पाळी. आणि पाळीच्या आधीचं रीडिंग हुकलं की दिवस हुकला, गणपती हुकले, वर्ष हुकलं.

दादा घड्याळाकडे पाहत होते. त्यांनी मला किती वाजले ते सांगितलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही आभारी आहे.

तावड्यांनी ड्रम वाकून पाहिला. “ह्या काय, दोरीच ना? जड नको, ताणता नये, असाच ना?”

“हो. आणि कप्पीत अडकता कामा नये.”

त्यांनी एका पोराला पिटाळलं नाही की आरडाओरड केली नाही. आपल्याच बोचक्याला बांधलेलं सूत सोडलं, मिलचंच, पीळ घातलेलं. बोटाने तपासलं, तिप्पट केलं, पुन्हा पीळ दिला आणि अशी गाठ मारली की कप्पीवरून ती कळलीही नाही. वीस वर्षं कापसात काढलेल्या माणसाची ती गाठ होती. मी मोजलेल्या हवेची बाटली ड्रममध्ये रिकामी करून लेखणी बरोबर चढते का पाहिलं. चढली.

सहा वाजून वीस मिनिटं झाली होती. एकवीस माणसं, प्रत्येकी तीन फुंकरी. दादा नंबर पुकारत होते आणि वहीत लिहीत होते. शेवटचा माणूस नळी टाकून धावला तेव्हा भोंगा वाजत होता.

दुपारी साडेतीनला तेच सगळे परत आले. सकाळी हसतखिदळत आलेले कार्डिंगवाले आता बसायला जागा शोधत होते. दोघंतिघं खोकत होते. फुंकून झालं तसे मी कागद उतरवले आणि काजळी पुसली जाऊ नये म्हणून त्यांवर लाखेचं पाणी सोडून दोरीवर वाळत घातले. मोजपट्टी लावायची गरजच नव्हती. घडीखात्याच्या सहा जणांच्या सकाळ-दुपारच्या रेघा सारख्या होत्या. कार्डिंगच्या पंधरा जणांपैकी तेरा जणांच्या तोकड्या झाल्या होत्या.

तावडे दोरीपाशी उभे राहिले. त्यांनी आपला नंबर शोधला.

“हो माझो दम?”

“हो. वरची सकाळची, खालची आत्ताची.”

त्यांनी खालच्या रेघेवर, न टेकवता, बोट फिरवलं. “एवढोच?”

मी म्हटलं, “आज एवढाच.” ते बोलणं खरं नव्हतं. त्यांची सकाळची रेघही त्यांच्या वयाच्या माणसाच्या निम्मी होती, आणि ती मला वर्षभरापासून माहीत होती.

थिसीस मी एप्रिलमध्ये दिला. एकशे बारा पानं, चार प्रती, काळ्या कापडाची बांधणी. व्हायवाला रेफरी बाहेरगावाहून आले. वयस्क, बारीक आवाजाचे. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला.

“बोटीच्या प्रवासाचा शीण नसेल कशावरून?”

“सर, घडीखात्याचे सहा जण त्याच बोटीने आले होते.”

“त्याच बोटीने?”

“त्याच. उशीरसुद्धा सगळ्यांना सारखाच झाला.”

त्यांनी पानं उलटली. “पहिल्या भागातली रीडिंग अशांततेच्या काळातली आहेत. ती वगळावीत असं नाही वाटलं?”

डॉ. नाबर कोपऱ्यात बसले होते. बोलायची त्यांना परवानगी नव्हती. त्यांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

“वाटलं होतं,” मी म्हटलं. “पण ती वगळली असती तर मी अजून सोमवारच मोजत बसले असते.”

रेफरींनी मान हलवली आणि पुढचे प्रश्न काजळीच्या कागदाबद्दल विचारले. वीस मिनिटांत संपलं. महिन्याभराने विद्यापीठाचं पत्र आलं.

ते पत्र घेऊन मी तावड्यांकडे गेले. लालबागच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर त्यांची खोली होती. त्यांच्या बायकोने पाट दिला, तांदळाची बोरं पुढे ठेवली. मी पास झाल्याचं सांगितलं. तावड्यांना मनापासून आनंद झाला. मग त्यांनी विचारलं, “मगे आता माझो दम परत येतलो?”

“नाही, तावडे. गेलेला येत नाही. धुळीतून बाहेर पडलात तर आहे तो टिकेल.”

“ह्या त्या पुस्तकात लिवलास?”

“लिहिलंय.”

“ता कोण वाचतलो?”

मी खरं सांगितलं. एक प्रत विद्यापीठाच्या लायब्ररीत, एक संस्थेत, एक रेफरींकडे, एक माझ्याकडे.

ते बायकोकडे बघून म्हणाले, “मगे माका एक कागद लिवन देवा. माझ्या नावाचो. युनियनवाल्यांका दाखयतंय, ते नेतले मॅनेजराकडे.”

“नाव कळलं तर तुम्हाला काढतील, अशी तुम्हालाच भीती होती.”

“तेवा नाव तुमी सांगितला असतास. आता मी सांगतंय.”

मी डॉ. नाबरांना विचारलं. ते म्हणाले, माणसाचा दम त्याच्या मालकीचा आहे, त्याने कोणालाही दाखवावा. त्यांनी संस्थेचा कागद दिला आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही केली. मी चार ओळी लिहिल्या. या कामगाराची श्वास सोडण्याची क्षमता अमुक इतकी आहे, कापसाच्या धुळीत ती आणखी घटते, धूळ नसलेल्या खात्यात काम दिल्यास तो काम करू शकेल.

दोन महिने काही झालं नाही. मी घाबरून गेले होते. मग एक दिवस तावडे परळला संस्थेत जिने चढून आले. मधल्या वळणावर दोनदा थांबले, हे मी वरून पाहिलं. त्यांची घडीखात्यात बदली झाली होती. हुद्दा खालचा, पण माणूस कामावर होता. त्यांच्या मागून कार्डिंगमधले आणखी पाच जण कागद मागायला आले. मी सहाही कागद तेच चार ओळींचे लिहिले, फक्त आकडे बदलून.

तावड्यांनी पुढे सात वर्षं घडीखात्यात काढली आणि मग गावी गेले. मी शिकवायला लागले, पुढे बरंच काही छापलं, माझ्या हाताखाली अनेकांनी थिसीस लिहिले. प्रत्येकाला मी व्हायवाआधी एक काम सांगत असे: ज्याचं मोजलंत त्याला द्यायला चार ओळी वेगळ्या लिहून ठेवा. बहुतेकांना ते जड जातं. एकशे बारा पानं त्यामानाने सोपी असतात.